‘नवो सोयरो आयलो?’

मागच्या अंकात ओघात लिहून गेले की आमच्या बांदोड्याच्या घरात आजवर सव्वीस कुत्री आणि मोजणे सोडून दिलेली मांजरे ‘राहून गेली’. त्यावर एका आजींचे कार्ड आले: ‘राहून गेली म्हणजे काय हो बाई? मेली?’ नाही आजी. बरी झाली, मोठी झाली आणि आपापल्या घरी गेली. तीन मेली, त्यांची गोष्ट पुढे येतेच आहे. प्राणी वाचवणाऱ्या संस्थेकडे जागा नसते, पिल्लू फार लहान असते किंवा ऑपरेशननंतर कुत्रीला चार दिवस निवांतपणा हवा असतो, तेव्हा कोणीतरी तिला घरी ठेवून घेते. त्याला फॉस्टर म्हणतात. मराठीत ‘पालक’ म्हणावे तर मला पालेभाजी आठवते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सकाळी न्हाणीत डोकावून विचारतात, ‘नवो सोयरो आयलो?’ म्हणजे नवा पाहुणा आला का. मला तोच शब्द बरा वाटतो. सोयरा येतो आणि जातो.

पत्रे बरीच आली. त्यातली काही घेते.

आम्ही नवरा-बायको दोघेही नोकरी करतो. पर्वरीला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. एका संस्थेने विचारले आहे की आईविना सापडलेली दोन पिल्ले पंधरा दिवस ठेवाल का. पिल्ले महिन्याची आहेत. आम्हाला फार हौस आहे. काय तयारी करावी?

तयारीचे नंतर बघू. आधी सांगा, सकाळी अकरा वाजता घरी कोण असते? फॉस्टर करणारा माणूस तोच, बाकीचे हौशी. महिन्याच्या पिल्लांना दिवसातून चार वेळा खायला लागते आणि खाल्ले की दहा मिनिटांत शी. तुम्ही नऊला निघून सहाला परतणार असाल तर दारामागे काय वाढून ठेवलेले असेल, त्याची कल्पना करा.

दुसरे, ‘पंधरा दिवस’ या शब्दावर जाऊ नका. एकदा मला असेच पंधरा दिवस सांगून एक कुत्रा दिला होता. पाच महिने राहिला. पहिल्या महिन्यानंतर देणाऱ्यांनी फोन उचलणे बंद केले. कोणत्या गटाने दिला ते सांगत नाही, चूक माझीही होती. पाहुणा कधी जाणार, हे मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून पिल्लू हातात घेण्याआधी मी व्हॉट्सअॅपवर लेखी विचारते: कोणत्या तारखेपर्यंत? औषधाचा खर्च कोणाचा? रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या तर कोणाला फोन करायचा? नवे घर कोण शोधणार, आणि नाही सापडले तर पिल्लू परत कुठे जाणार? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट हायसे वाटते.

आता त्या तिघांची गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वीचा जुलै होता. फोंड्याच्या बाजारामागे मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात चार पिल्ले भिजत पडली होती. संस्था वगैरे काही नाही, मीच उचलली आणि स्वयंपाकघरालगतच्या न्हाणीत ठेवली. दोन दिवस नुसता धुडगूस. तिसऱ्या दिवशी त्यातल्या तांबड्याने पेजेला तोंड लावले नाही. भिंतीकडे तोंड करून बसला. संध्याकाळी पांढऱ्या फेसाची उलटी झाली आणि पहाटे न्हाणीचे दार उघडले तर रक्ताचे जुलाब. त्याला एक वास असतो, लोखंडासारखा आणि कुजकट, एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. तो पार्वो, पिल्लांचा जीव घेणारा विषाणू. चौघांना सलाईन लावत चार दिवस दवाखान्यात बसले, दोन वाचली.

पण माझी खरी चूक त्यानंतरची. न्हाणी फिनाईलने तीनदा घासली, उन्हाची तिरीप आली तेव्हा दार उघडे टाकले आणि महिन्याभरात एक अगदी धडधाकट पिल्लू त्याच जागी आणून ठेवले. सहाव्या दिवशी तेही गेले. डॉक्टर म्हणाले, ‘बाई, फिनाईलने तुमचे समाधान झाले, विषाणूचे काहीच झाले नाही.’ पार्वो जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. त्याला लागते ब्लीच: एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि तेही आधी साबणाने धुऊन स्वच्छ केलेल्या लादीवर, दहा मिनिटे ओले ठेवून. अंगणातल्या मातीवर ते काम करत नाही. त्यामुळे अंगणात पार्वो झाला असेल तर तिथे लस न झालेले पिल्लू पुढे कितीतरी महिने सोडायचे नाही.

म्हणून तुमच्यासाठी: लादी असलेली, धुता येणारी जागा, बहुधा तुमचे दुसरे बाथरूम. पहिले चौदा दिवस पिल्ले तिथेच. इमारतीच्या हिरवळीवर न्यायची नाहीत, शेजारच्या लॅब्रॅडॉरशी ओळख करून द्यायची नाही. महिन्याच्या पिल्लाला पार्वोची लस झालेली नसतेच. ती सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते, मग सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी परत द्यावी लागते. रेबीजची तीन महिन्यांना. मधल्या काळात जंताचे औषध, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून.

आणि खरे सांगू? तुमच्या जागी मी असते तर संस्थेला उलट विचारले असते, ‘पिल्ले नकोत, नसबंदी झालेली एखादी मोठी कुत्री आहे का?’ दहा दिवस टाके सांभाळायचे. ती बिचारी बहुतेक वेळ झोपते आणि पाच-सहा तास एकटी राहू शकते. अशा कुत्रीसाठी संस्थेला घर मिळत नाही, कारण फोटोत ती पिल्लासारखी दिसत नाही.

वय ६१, निवृत्त, राहणार म्हापसा. हाताशी वेळ आहे. प्राण्यांची सेवा करावी असे मनात आहे. आसगावचे प्राण्यांचे केंद्र जवळच आहे. तिथे गेलो तर काय काम देतील? कुत्र्यांची मला लहानपणापासून सवय आहे.

काका, झाडू देतील. रागावू नका. पिंजरे धुणे, भांडी घासणे, गोधड्या वाळत घालणे, पावसात त्या वाळत नाहीत म्हणून पुन्हा आत आणणे, हे आश्रयस्थानातले ऐंशी टक्के काम असते. हा आकडा माझ्या कंबरेने काढलेला आहे. कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवणे उरलेल्या विसात.

आसगावला इंटरनॅशनल अॅनिमल रेस्क्यूचे केंद्र आहे आणि वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिसचे प्रशिक्षण केंद्रही, जिथे पशुवैद्य नसबंदीच्या शस्त्रक्रियांचे शिक्षण घेतात. शिवोलीला वेल्फेअर फॉर अॅनिमल्स इन गोवा आहे, दक्षिणेत केपें-कुडचडे भागात गोवा अॅनिमल वेल्फेअर ट्रस्ट. गुरांची आवड असेल तर मयेच्या सिकेरीला गोमंतक गोसेवक महासंघाची गोशाळा आहे. रस्त्यावर मोकाट फिरणारी, गाडीने उडवलेली गुरे तिथे असतात. कुठेही जा, पण आधी फोन करून जा. आणि एक वार ठरवा. ‘वेळ मिळेल तसा येतो’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर कोणी पिंजरे ठेवत नाही. दर बुधवारी आठ ते दहा येणारा माणूस सोन्यासारखा.

जाण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. चावण्याआधी घ्यायची तीन इंजेक्शने असतात: पहिले, सातव्या दिवशी, मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या. २०२१ मध्ये राज्य सरकारने गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर केला. त्यामागे कुत्र्यांना लस टोचायला वाड्यावाड्यावर जाळी घेऊन धावणाऱ्या ‘मिशन रेबीज’ संस्थेच्या पोरांचा घाम आहे. पण नियंत्रित म्हणजे संपला असे नव्हे, आणि कुत्र्याला दोडामार्गचा सीमेवरचा नाका कळत नाही. आधी लस घेतलेली असली तरी चावल्यावर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचे. मग दोनच इंजेक्शने लागतात, एक त्याच दिवशी आणि दुसरे तीन दिवसांनी. नाहीतर चार-पाच वेळा जावे लागते, वर जखमेत सीरम. जखमेवर हळद, चुना, मिरची यांतले काहीही नको. तुम्ही ते करणार नाही हे मला माहीत आहे. घरातले कोणीतरी नक्की करू जाईल.

‘लहानपणापासून सवय’ हे मात्र तिथे गेल्यावर विसरा. घरच्या कुत्र्याची सवय वेगळी. पिंजऱ्यात घाबरून बसलेला कुत्रा तुमच्याकडे बघत नसेल तर तुम्हीही त्याच्याकडे बघू नका. पाठ करून बसा, पेपर वाचा. मी एका लंगड्या कुत्र्याशेजारी सलग तीन बुधवार शब्दकोडे सोडवले. चौथ्या बुधवारी तो येऊन पेन हुंगून गेला.

ताई, मी बारावीत आहे. आमच्या लाकडाच्या खोपीत मांजरीचे एक पिल्लू सापडले आहे, डोळे नुकतेच उघडताहेत. मी त्याला ड्रॉपरने गाईचे दूध देते आहे. बरोबर आहे ना? — कुडचडे

दूध लगेच थांबव. पण त्याआधी, आई खरेच नाही ना? मांजर पिल्ले एकेक करून हलवते. तू खोपीत उभी राहशील तर ती येणारच नाही. लांबून, खिडकीतून दोन-तीन तास बघ. आली तर तुझे काम संपले.

नाही आली तर: डोळे नुकतेच उघडताहेत म्हणजे पिल्लू आठ-दहा दिवसांचे. आधी ऊब, मग दूध, हा क्रम चुकवू नकोस. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आमच्याकडे उराकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, रिकाम्या बाटल्या आहेत (शेजाऱ्यांच्या, आमच्या नव्हेत), त्यात कोमट पाणी भरून बाटली जुन्या मोज्यात घालते आणि खोक्याच्या एका कडेला ठेवते. एकाच कडेला, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लाला लांब सरकता येते. गाईच्या दुधाने जुलाब लागतात. मडगावला पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर मिळते, ती आण. दर दोन-तीन तासांनी द्यायचे, रात्रीसुद्धा. पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे धरायचे नाही, पोटावर पालथे ठेवायचे, आईला पिताना असते तसे. उताणे पाजले की दूध फुप्फुसात जाते. पाजून झाले की कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने मागची बाजू हलके पुसायची. आई चाटते म्हणून त्याला शी-शू होते, एवढे लहान पिल्लू आपले आपण करू शकत नाही. हे कोणी सांगितले नाही म्हणून कितीतरी पिल्ले दगावतात.

रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेव. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढले पाहिजे. दोन दिवस काटा हलला नाही तर डॉक्टर. त्या खोलीत फिनाईल वापरू नकोस आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा कणही देऊ नकोस. मांजरांना दोन्ही विष.

आणि बारावीत आहेस. दर दोन तासांनी उठायचे तर आईला पाळी वाटून घ्यायला सांग. ती ‘नाही’ म्हणाली तर संस्थेला फोन कर, त्यात कमीपणा नाही.

सासूबाईंचा कडक विरोध आहे. देवघर, सोवळे, आता चवथ आली. मला मात्र काहीतरी करायचे आहे. त्यांना कसे पटवावे? — माशेल

पटवू नका. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण मी सासूबाईंच्या बाजूची आहे. तुम्ही पत्रात लिहिले आहे की तुम्ही पणजीला कामाला जाता. म्हणजे सकाळी अकराला घरी कोण? त्याच. त्यांच्या मनाविरुद्ध आणलेल्या प्राण्याची शी त्यांनी काढायची, हा कुठला न्याय? शिवाय चवथीच्या दिवसांत घरात वीस माणसे, दारे सताड उघडी, बाहेर फटाके. घाबरून पळून गेलेल्या कुत्र्यांचे फोन या पाच दिवसांत जितके येतात तितके एरवी येत नाहीत. माटोळी बांधायच्या आठवड्यात नवा सोयरा मीसुद्धा घेत नाही.

तुमच्याकडे गाडी आहे. माशेलहून पणजीला रोज जाता. संस्थेला वाहतुकीला माणूस कायम कमी असतो: इथून पिल्लू घ्या, तिथल्या दवाखान्यात सोडा, येताना औषधे आणा. मागच्या सीटवर जुनी चादर आणि एक जाळीचा पिंजरा, एवढेच लागते. फोटो चांगले काढता येत असतील तर तेही करा. गुडघ्यावर बसून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, दिवसाच्या उजेडात. काळ्या कुत्र्यांचे जास्त काढा, ती अंधाऱ्या फोटोत डांबराच्या गोळ्यासारखी दिसतात आणि मागे राहतात.

घरात पडलेल्या जुन्या चादरी, टॉवेल आणि वर्तमानपत्रांची रद्दीही द्या. रद्दी गोळा करायला सासूबाई मदत करतील, असा माझा अंदाज आहे.

कुळागरात पोपटाचे पिल्लू पडलेले सापडले. मुलाने पिंजरा आणला आहे. वाढवू का? — सावईवेरे

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपला पोपट पाळणे गुन्हा आहे, पिल्लू ‘सापडले’ असले तरी. ढोली दिसत असेल तर त्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकते, ही समजूत खोटी. ढोली सापडत नसेल किंवा पंख दुखावला असेल तर वन खात्याला कळवा. पिंजरा दुकानात परत करा.

मे संपला, शॅक मोडले आणि मालक गावी गेला. त्याची तीन कुत्री आता आमच्या दारात. संस्था नेत नाहीत. मग या संस्था कशासाठी? — मांद्रे

तुमचा राग समजतो, किनाऱ्यावर दर पावसाळ्यात हेच होते. हंगामभर पर्यटकांच्या ताटातले खाल्लेल्या कुत्र्याला जूनमध्ये अचानक रिकामा समुद्र दिसतो. पण धडधाकट कुत्रे उचलून कायमचे कोंडून ठेवायला कोणत्याच संस्थेकडे जागा नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागीच सोडायचे, असे धरलेले आहे. तेव्हा तुम्ही संस्थेकडे वेगळी मागणी करा. तिघांचे कान बघा. एका कानाला कातरलेली खूण असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल तर ‘घेऊन जा’ म्हणू नका, ‘नसबंदीला कधी आणू?’ असे विचारा. त्यावर उत्तर मिळते. तोवर एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, उकड्या तांदळाच्या भातात तारल्यांची डोकी शिजवून घाला. दारात नको, थोडे लांब. दारात घातलेत की ती दार राखू लागतात आणि पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलमागे धावतात. मग शेजारी तुमच्या नावाने पत्र लिहितील, तेही मलाच.

आणि ऑक्टोबरात मालक परत आला की त्याला एक गोड शब्दही बोलू नका.

तीन महिने सांभाळलेली कुत्री परवा नव्या घरी गेली. माझा नऊ वर्षांचा मुलगा नीट जेवत नाही. मलाही राहवत नाही. परत मागावी का? — साखळी

मलाही एकदा राहवले नव्हते. पिंगी नावाची एक पट्टेरी कुत्री होती, दारात न्यायला आलेल्या माणसांना मी परत पाठवले आणि तिला ठेवून घेतली. पिंगी गुणी होती, पण तिला उंबऱ्याच्या आत दुसरी कुत्री चालायची नाही. पुढची दोन वर्षे आमच्याकडे एकही सोयरा आला नाही. त्या काळात संस्थेचे फोन यायचे, मी ‘नाही’ म्हणायचे आणि पिंगी पायाशी घोरत असायची. मला तिचा पश्चात्ताप नाही. पण ‘एकच तर आहे’ म्हणताना काय गेले, ते मी मोजलेले आहे.

परत मागू नका. तिला तिथे पहिल्यांदा गाढ झोप लागायला आठ-दहा दिवस जातील. मध्येच तुम्ही भेटायला गेलात तर पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या घरातली तिची चादर न धुता पाठवून द्या. आठव्या दिवशी फोटो मागा, त्याआधी नाही. आणि नव्या लोकांना नाहीच जमले तर कुत्री संस्थेकडेच परत येईल, हे दत्तकपत्रात लिहून घेतले आहे ना, एवढे संस्थेला विचारून ठेवा.

मुलाला एक काम द्या. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक प्राण्याबरोबर मी जुन्या शाळेच्या वहीचे एक पान देते, त्याच्या सवयींचे. ते त्याला लिहू दे. मागच्या वर्षी डिचोलीला गेलेल्या बिमलीच्या पानावर मी लिहिले होते: ‘गडगडले की कपाटामागे जाते, ओढू नका. उजवा कान दुखरा आहे. पाव दिला तर खात नाही, आधी कुंडीत पुरून ठेवते.’ चार महिन्यांनी त्या घरच्या सूनबाईंनी फोटो पाठवला. पान त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेले होते आणि खाली वेगळ्या अक्षरात एक ओळ होती: ‘पाव आता पुरत नाही. लगेच खाते.’